गप्प बसलेले कुलगुरू

एचव्ही लॅबच्या दारात एक माणूस टेप धरून उभा होता आणि दुसरा भिंतीवर खडूने फुल्या मारत होता. कुलगुरू डॉ. चंद्रप्रकाश घाडीगावकर रोज सकाळी ऑफिसात जाण्याआधी या लॅबवरून गाडीतूनच एक चक्कर मारत. आज गाडी थांबताच ते घाईने उतरले. आपल्या लॅबच्या भिंतीवर फुली मारणारा कोण उपटसुंभ आहे ते त्यांना बघायचं होतं.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"माप घेतोय, साहेब. मशीन दारातून निघत नाय. भिंत फोडायला लागणार."

"कोणी सांगितलं फोडायला?"

"कुलगुरूंनी."

"अहो, मीच कुलगुरू आहे."

टेपवाल्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं. "मग तुम्हीच सांगितलं असणार ना," तो म्हणाला आणि वाकून पुन्हा माप घ्यायला लागला.

त्या माणसाला ओरडावं, तर तो अगदीच चुकीचं बोलत होता असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. कुलगुरू झाल्यापासून त्यांच्या नावावर काय काय खपत होतं याचा त्यांना पत्ताच लागत नसे. एकदा एका बैठकीत त्यांनी अर्धा वडा प्लेटमध्ये तसाच ठेवला, कारण तेवढ्यात फोन आला. पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमधून वडाच नाहीसा झाला. साहेबांना आवडत नाही म्हणे. एकदा मान आखडली म्हणून जिन्यात उभं राहून त्यांनी छताकडे पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे रंगारी शिडी लावून उभे. आता लॅबच्या बाबतीत आपण काय खाल्लं, काय टाकलं, कुठे पाहिलं, ते आठवत ते गाडीत जाऊन बसले.

एचव्ही, म्हणजे हाय व्होल्टेजची लॅब म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. कांजूरमार्गच्या टेकडीच्या पोटाशी जुन्या इंजिनीअरिंग कॉलेजची इमारत आहे आणि तिच्या मागे दोन मजले उंच अशी एकच खोली आहे. त्या खोलीत तारेची मोठी जाळी, जाळीच्या आत एक अवाढव्य टेस्ट ट्रान्सफॉर्मर. खांबावरच्या विजेच्या तारा ज्या चिनी मातीच्या बशांवर बसतात त्या बशा, म्हणजे इन्सुलेटर, तिथे टांगायचे आणि विजेच्या किती दाबाला ते दगा देतात ते बघायचं. घाडीगावकरांचं सगळं आयुष्य त्या बशांत गेलं. समुद्राच्या खाऱ्या हवेने इन्सुलेटर कसे बिघडतात यावर त्यांनी डॉक्टरेट केली. त्यासाठी मनोरीला एका कोळ्याच्या परसात बशा टांगून ठेवल्या होत्या, आणि दर रविवारी मार्वेहून तरीतून जाऊन ते त्यांच्यावरचं मीठ खरवडून आणायचे. लग्न ठरलं तेव्हा कमलच्या वडिलांनी, मुलगा रविवारी कुठे असतो, अशी गुपचूप चौकशी केली होती. तो मीठ खरवडतो हे ऐकून त्यांना बरं वाटलं की वाईट, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

अशा माणसाला कुलगुरू कोणी केलं? तीन कॉलेजं एकत्र करून हे विद्यापीठ झालं. कांजूरचं इंजिनीअरिंग, घाटकोपरचं कॉमर्स आणि अंधेरीचं आर्ट्‌स. पहिल्याच कुलगुरूपदासाठी बरेच जण गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. ते निवड समितीसमोर तासतासभर बोलले. घाडीगावकरांनी जेवढं विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली आणि उरलेला वेळ स्वस्थ बसून राहिले. समितीला हा माणूस फार खोल वाटला. खरं तर त्यांना पुढे काय बोलायचं ते सुचत नव्हतं. पण नेमणूक झाली ती झाली. विभागाने निरोपाचा चहा दिला तेव्हा त्यांनी अनुपमाला एवढंच सांगितलं होतं, "पाच वर्षांची तर गोष्ट. निवृत्तीआधी थोडी वर्षं उरतात, तेव्हा मी इथेच परत येणार आहे. लॅब सांभाळ."

अनुपमा गमरे त्यांची विद्यार्थिनी. त्यांच्याच हाताखाली तिने पीएचडी केली, त्यांच्याच लॅबला लागली आणि आता त्याच लॅबची प्रमुख होती. तिने मान हलवली होती. तेव्हापासून कुलगुरूपदाचा प्रत्येक कंटाळवाणा दिवस घाडीगावकर त्या एका भरवशावर ढकलत होते. मुदत संपेल, गाडी परत करू, आणि बाह्या सरसावून जाळीपाशी उभे राहू. दुसरं काही त्यांना नको होतं. आणि त्याच लॅबच्या भिंतीवर आज फुल्या होत्या.

ऑफिसात पोचल्या पोचल्या त्यांनी कुलसचिवांना बोलावलं. कुलसचिव म्हणजे श्यामसुंदर नाचणे. मूळचे घाटकोपरच्या कॉमर्सचे, अंगाने किरकोळ आणि बैठकांत मुरलेले.

"नाचणे, एचव्ही लॅब कोण तोडतंय?"

"आपण, सर."

"आपण म्हणजे विद्यापीठ की आपण म्हणजे मी?"

नाचण्यांनी थोडा विचार केला. "दोन्ही, सर. गेल्या व्यवस्थापन परिषदेत विषय आला होता. लॅब बंद करून तिथे नवोन्मेष केंद्र. काचेच्या भिंती, आणि बसायला त्या मऊ पिशव्या असतात ना, तशा. ट्रान्सफॉर्मर घाटकोपरच्या एका पॉलिटेक्निकने मागितलाय, तो त्यांना. एकमताने मंजूर झालं."

"एकमताने? मी तर त्यावर एक अक्षर बोललो नाही!"

"हो सर," नाचणे समजावणीच्या सुरात म्हणाले. "म्हणूनच तर मंजूर झालं."

हा माणूस थट्टा करतोय असं घाडीगावकरांना क्षणभर वाटलं, पण नाचण्यांनी कधी थट्टा केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

त्या बैठकीचा प्रसंग त्यांना आठवत होता. विषय वाचून दाखवला गेला तेव्हा त्यांनी हातातला कप खाली ठेवला होता. त्यांनी समोर बसलेल्या अनुपमाकडे पाहिलं, ती गप्प. इलेक्ट्रिकलचे आणखी दोघं प्राध्यापक बसले होते, तेही गप्प. घाडीगावकरांना किती बरं वाटलं होतं! चौघेही गप्प आहेत, म्हणजे चौघांचंही नाही. विषय संपला. त्यांनी समाधानाने चहाचा कप उचलला आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

कारण लॅबमध्ये हाच नियम होता, आणि तो त्यांनीच घालून दिलेला होता. दाब चढवण्याआधी बटणाजवळचा माणूस मोठ्याने विचारायचा, "चालू करू?" खोलीतल्या प्रत्येकाने आपापल्या जागेवरून मोठ्याने "हो" म्हणायचं. एकाचा जरी आवाज आला नाही तरी बटणाला हात लावायचा नाही. न जाणो, तो जाळीच्या आत असायचा, किंवा त्याला काही खटकलेलं असायचं. गप्प म्हणजे नाही. का नाही, ते नंतर बघू. या एका नियमापायी त्या खोलीत कधी कोणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. वर्षानुवर्षं तो नियम पाळून विभागाच्या बैठकासुद्धा तशाच व्हायला लागल्या. एखादी गोष्ट नको असेल तर इलेक्ट्रिकलची माणसं नुसती गप्प बसत, आणि ती गोष्ट होत नसे. जगात सगळीकडे असंच चालतं अशी त्यांची समजूत होती.

"नाचणे," घाडीगावकर म्हणाले, "आम्ही चौघेच्या चौघे गप्प बसलो. तुम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही?"

"वाटलं ना, सर. मी घरी जाऊन बायकोला म्हटलंसुद्धा. स्वतःची लॅब जातेय आणि चौघांपैकी एकानेही हूं की चूं केलं नाही. काय मन मोठं आहे या लोकांचं! मला तर भरून आलं."

"अहो, आम्ही विरोध करत होतो!"

आता नाचण्यांची पाळी होती गोंधळून जायची. विरोध करणारा माणूस टेबल बडवतो, सभात्याग करतो, निदान खोकतो तरी, एवढंच ते आयुष्यभर पाहत आले होते. शेवटी त्यांनीच तोड काढली. मागच्या बैठकीतले ठराव पुढच्या बैठकीत कायम करावे लागतात. तोवर ते बदलता येतात. पुढची बैठक शुक्रवारी होती. "आपण फक्त तोंडाने सांगा, सर. एवढंच करा. मनात नका ठेवू."

घाडीगावकरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. ही बातमी आधी अनुपमाला द्यायला हवी होती. बिचारी रडकुंडीला आली असेल.

पण अनुपमा रडकुंडीला आलेली नव्हती. लॅबमध्ये ती खाली फरशीवर मांडी घालून बसली होती आणि एकेक इन्सुलेटर वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, चेहरा चांगला तजेलदार. बऱ्याच दिवसांनी ती त्यांना अशी दिसत होती. दुःख काही माणसांच्या चेहऱ्यावर दिसत नाही, असं घाडीगावकरांनी मनाशी ठरवून टाकलं.

"अगं, हे काय करत्येस?"

"आवरतेय, सर. ठराव झालाय ना."

"तू त्या दिवशी गप्प का बसलीस?"

"तुम्ही का गप्प बसलात?"

"मला नको होतं म्हणून!"

अनुपमाच्या हातातला कागद तसाच राहिला. ती त्यांच्याकडे टक लावून बघायला लागली. "म्हणजे तुम्हाला लॅब बंद करायची नव्हती?"

"वेडी आहेस का तू? माझी लॅब मी बंद करीन?"

"मग महिनाभर रविवारच्या फोनवर त्याबद्दल एक शब्दही का काढला नाहीत? मला वाटलं, सरांनी ठरवलंच असेल. कुलगुरू झाल्यावर माणसाला पुढचं दिसतं म्हणतात. मी पहिला आठवडा तुमच्यावर इतकी चिडले होते, की माझ्या आईने विचारलं, त्या घाडीगावकरांनी तुझं काय घोडं मारलंय?"

"मला माहीतच नव्हतं ठराव झालाय ते!"

"तुम्ही अध्यक्ष होता, सर."

घाडीगावकर उगाच खोक्यातल्या एका बशीवरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी शुक्रवारच्या बैठकीचं सांगितलं. ठराव फिरवायचा, प्रत्येकाला नाव घेऊन विचारायचं, तोंडाने उत्तर घ्यायचं, या खेपेला गफलत नाही. बोलता बोलता ते खोक्यातली बशी काढून कागद सोडवायलाही लागले.

"सर, एक मिनिट," अनुपमा म्हणाली. "मला जरा बोलायचंय. गेले पंधरावीस दिवस मी..."

"काही बोलू नकोस. माझ्यामुळे तुला ताप झाला, मी निस्तरतो. हे सगळं परत फळीवर लाव बघू."

"अहो सर, ऐकून तर घ्या..."

पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अंधेरीला कोणीतरी त्यांची वाट बघत होतं, आणि ते कोण आणि कशासाठी, हे त्यांना नेहमीप्रमाणे आठवत नव्हतं. ते हात हलवून निघाले. दारातल्या टेपवाल्यालाही त्यांनी मोठ्या दिमाखात सांगितलं की भिंत फुटणार नाही. तो म्हणाला, ठीक आहे, पण हे कुलगुरूंनी सांगायला पाहिजे.

रात्री मुलुंडच्या घरी जेवताना त्यांनी कमलला सगळं सांगितलं. कमल देवगडकडची. नवऱ्याच्या विद्यापीठाबद्दल तिला कौतुक होतं, पण ते तिने त्यांना कधी कळू दिलं नव्हतं. बांगड्याची तुकडी वाढता वाढता तिने सगळं ऐकलं.

"गप रवान कोणाक काय कळतला?" ती म्हणाली. "घरात पण तुमचां ह्याच. लग्नानंतर वर्षभर माका वाटायचा, माझी आमटी तुमका आवडता. तुमी गप जेवायचात ना."

"मग? आवडायची नाही असं मी कधी म्हटलं?"

"तांच तर सांगतंय!"

घाडीगावकरांना आमटीबद्दल आता नक्की आठवेना. आवडायची की नाही? त्यांनी विषय बदलला. "अनुपमाला तरी कळायला हवं होतं. मला परत तिथे जायचंय हे तिला ठाऊक आहे."

"तिका जावचा आसा काय खंय, ता इचारलात?"

"तिला कुठे जायचंय? ती तिथेच तर आहे."

कमलने ताटात आणखी भात वाढला आणि पुढे काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ लावायचा घाडीगावकरांनी थोडा वेळ प्रयत्न केला. मग सोडून दिला आणि हात धुवायला उठले.

शुक्रवारी बैठकीला सगळे वेळेवर हजर होते. वारा फिरला होता आणि डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्याचा वास येत होता, म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. नाचण्यांनी मागच्या ठरावांचा विषय पुकारला तसे घाडीगावकर उभेच राहिले. कुलगुरू बसून बोलतात, पण त्यांना बसवेना.

"मागच्या वेळी मी गप्प बसलो," ते म्हणाले. "त्याचा अर्थ सगळ्यांनी हो असा घेतला. माझा अर्थ नाही असा होता. एचव्ही लॅब बंद होऊ नये असं माझं मत आहे. आता मी एकेकाचं नाव घेईन. प्रत्येकाने स्वतःला काय वाटतं ते मोठ्याने सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून नको, खरं सांगा."

खोलीत चुळबुळ झाली. एकमेकांकडे बघून झालं. मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली.

कॉमर्सचे अधिष्ठाता म्हणाले, लॅब राहिलीच पाहिजे, ती आपल्या विद्यापीठाची शान आहे. ते त्या लॅबमध्ये आजवर एकदाही गेले नव्हते. आर्ट्‌सच्या अधिष्ठाता बाई म्हणाल्या, नवोन्मेष केंद्राची कल्पना आपल्याला आधीपासूनच थोडी उथळ वाटत होती. मागच्या वेळी केंद्राचं चित्र पडद्यावर दाखवून ज्यांनी अर्धा तास भाषण केलं होतं, ते प्राध्यापक मधुकर वालावलकर म्हणाले, काचेच्या भिंती आपल्या हवेत टिकत नाहीत. इलेक्ट्रिकलचे दोघं खणखणीत आवाजात "राहू दे" म्हणाले. नाव घेतलं की "राहू दे", नाव घेतलं की "राहू दे". घाडीगावकरांना सुरुवातीला आनंद झाला. मग जरा अवघडल्यासारखं झालं. मागच्या खेपेलाही हीच माणसं होती, याच खुर्च्यांवर, आणि तेव्हाही कोणाचीच हरकत नव्हती. यांतलं खरं कोणतं? का दोन्ही खोटं? त्यांनी तो विचार झटकला. लॅब वाचत होती ना, मग झालं.

"अनुपमा गमरे," त्यांनी शेवटचं नाव घेतलं आणि हसून तिच्याकडे पाहिलं.

"बंद करा, सर," अनुपमा म्हणाली.

आपल्या ऐकण्यात चूक झाली असं घाडीगावकरांना वाटलं. "काय म्हणालीस?"

"लॅब बंद करा. ठराव आहे तसा राहू द्या."

नाचण्यांचं पेन थांबलं. सगळे तिच्याकडे असे बघायला लागले, जणू ती खिडकी उघडायला उठली होती.

"अगं, पण का?" कुलगुरूंचा आवाज चिरकला.

अनुपमा उभी राहिली. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले. "सर, आपल्याकडे आता मुलंच येत नाहीत. सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे. गेल्या वर्षी आपला विषय दोघांनी घेतला. त्यातल्या एकाला दुसरीकडे जागा मिळाली नाही म्हणून. या वर्षी कोणीच नाही. ट्रान्सफॉर्मर दिवाळीनंतर एकदाही चालू झालेला नाही. मी रोज जाते, धूळ पुसते आणि परत येते."

"मी दर रविवारी तुला फोनवर विचारायचो. तू म्हणायचीस, सगळं छान चाललंय."

"तुम्ही तेच ऐकायला फोन करायचात, सर. तुम्हाला तिकडे त्या खुर्चीवर काही गोड लागत नाही, हे मला कळत होतं. म्हटलं, निदान एवढं तरी असू दे. मी ती लॅब तुमच्यासाठी राखून बसले होते. मुलांसाठी नाही." तिने थांबून श्वास घेतला. "ठराव झाला तेव्हा मी चिडले, खरंच चिडले. आणि मग मला छान झोप लागायला लागली. कितीतरी वर्षांत लागली नव्हती तशी. मलाच कळेना, हे काय आहे. राग यायला पाहिजे आणि झोप येतेय. मी घाटकोपरला त्या पॉलिटेक्निकमध्ये जाऊन आले. तिथे वायरमनचा कोर्स करून आलेली मुलं आहेत, सर. वर्ग भरून मुलं आहेत. एक मुलगी मला म्हणाली, मॅडम, एवढा दाब आम्ही फक्त खांबावरच्या पाटीवर वाचलाय, कधी बघितला नाही. मला त्या मशीनबरोबर तिकडे जायचंय. त्यांनी मला बोलावलंय."

"त्या दिवशी बैठकीत तू गप्प बसलीस, ती लॅब बंद व्हायला नको म्हणूनच ना?"

"मलाही तसंच वाटलं होतं," अनुपमा म्हणाली. "आता खात्री नाही."

ती खाली बसली. नाचणे हळूच घाडीगावकरांकडे झुकले आणि कुजबुजले, "काही अडचण नाही, सर. एक विरुद्ध, बाकी सगळे आपल्या बाजूने. ठराव रद्द झाला. लिहून टाकू का?"

घाडीगावकरांनी टेबलाभोवती नजर फिरवली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ते हसले तर हसायला आणि रागावले तर रागवायला मंडळी तयार होती. फक्त मान हलवायची होती. मान हलवली की भिंत राहते, ट्रान्सफॉर्मर राहतो, मुदत संपल्यावर जायला एक जागा राहते. अनुपमाही राहिली असती. तिने त्यांच्या शब्दाबाहेर आजवर पाऊल टाकलं नव्हतं. रोज आली असती आणि धूळ पुसून गेली असती. आणि रविवारी फोनवर म्हणाली असती, सगळं छान चाललंय, सर.

त्यांना तिचा भयंकर राग आला. एवढ्या लोकांत, असं तोंडावर! आणि त्या रागातच त्यांना हेही दिसत होतं की खरं सांगा म्हटल्यावर या खोलीत खरं एकटीच बोलली होती. बाकीची मतं मोजायची तर कशाच्या हिशोबात मोजायची? रागावावं, रडावं की तिची पाठ थोपटावी, त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. लॅबमध्ये असते तर त्यांनी नळाखाली तोंड धुऊन घेतलं असतं.

"ठराव आहे तसा कायम," ते म्हणाले. "लॅब बंद. मशीन घाटकोपरला. डॉक्टर गमरे यांना तिकडे जायला परवानगी."

क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग कॉमर्सचे अधिष्ठाता म्हणाले, "अगदी योग्य निर्णय, सर," आणि मधुकर वालावलकरांनी काचेच्या भिंतींना हवा मानवेल अशी एक नवी काच हल्ली मिळते, असं सांगितलं. आर्ट्‌सच्या बाईंनीही मान डोलावली. नाचण्यांनी शांतपणे लिहिलं, एकमताने कायम. घाडीगावकरांनी ते वाकून पाहिलं आणि खोडायला सांगावं असं त्यांच्या मनात आलं, पण पुढचा विषय पुकारला गेला होता.

बैठक संपल्यावर अनुपमा बाहेरच्या व्हरांड्यात त्यांची वाट बघत उभी होती. तिचे डोळे लाल झालेले होते. तिनेच सुरुवात केली.

"पुढच्या महिन्यात तिकडे मशीन उभं राहील. त्यांचे प्राचार्य म्हणत होते, पहिल्यांदा चालू करताना कुलगुरूंना बोलावू. हारतुरे, भाषण वगैरे. मी नको म्हटलं. म्हटलं, सरांना बोलायला लावू नका, त्यांना नुसतं येऊ दे."

घाडीगावकरांना एकदम भडभडून आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. पलीकडून कोणीतरी फाइल घेऊन येत होतं, ते पाहून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"येईन," ते म्हणाले. "मी तिथे काय करू पण?"

"बघा, सर. मागे खुर्ची ठेवते तुमच्यासाठी. बटणाजवळ मात्र येऊ नका हं," अनुपमा हलक्या आवाजात म्हणाली. "तिथल्या मुलांना तुम्ही कोण, ते माहीत नाही. ती तुम्हाला हात धरून बाजूला करतील, आणि 'चालू करू?' विचारलं की तुम्हालाही मोठ्याने 'हो' म्हणायला लावतील."